भारंभार दूध

ये गं, अशी जवळ बस. तू तिकडे मॉरिसव्हिलला, मी इकडे अॅरिझोनात चँडलरला, मधे अख्खी अमेरिका पसरलेली. पण मावशीने जवळ बस म्हटलं की बसायचं. आणि तोंड वाकडं करू नकोस, मला दिसलं नाही तरी कळतं. परवा फोनवर किती सहज म्हणालीस, "मावशी, लेकीचं दूध बंद केलंय मी. तूप पण. आठ वर्षांची नाही झाली अजून आणि अंगाने भरायला लागली. सगळे म्हणतात दुधानेच होतं." सगळे म्हणजे कोण गं? तुझ्या फोनमधलेच ना? इतकी शिकलीस, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्यांच्या चुका काढतेस, आणि पोरीच्या तोंडचा पेला काढून घेताना एका डॉक्टरला विचारावंसं वाटलं नाही? तू रडवेली होतीस म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पण गप्प बसणं माझ्या अंगात नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय. आमच्याकडेही असंच दूध बंद झालं होतं. ते परत कसं सुरू झालं ते ऐक.

माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांवर केलं आणि इथे आल्यावर डब्यांवरच्या लेबलांवर. पण एक गोष्ट मला घरातूनच मिळाली, ती म्हणजे काटा. तुझे आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, कोल्हापूरच्या गूळबाजारात मापाडी होते, हे तुला आईने सांगितलं असेल. साखळीला टांगलेली दोन मोठाली पारडी, एकात वजनं, एकात गुळाच्या ढेपा. मी शाळा सुटली की तिथेच पोत्यांवर बसलेली असायचे. काटा सरळ झाला की अण्णा वर एक गुळाचा खडा ठेवायचे आणि मगच पारडं उतरवायचे. का ठेवता, असं कधी कुणी विचारलं नाही. ती त्यांची पद्धत होती.

आता माझ्या नातीचं. ती सातव्या महिन्यात जन्मली. मी तेव्हा पहिल्यांदा विमानात बसून इथे आले ती थेट हॉस्पिटलातच. काचेच्या पेटीत एवढंसं गाठोडं. अण्णांच्या काट्यावर एवढ्या वजनाला कुणी मापातच धरलं नसतं. त्या पेटीवर एक पांढरी पाटी होती, आणि रोज सकाळी नर्स तिचं वजन तिथे लिहायची. आमचं घर त्या पाटीवर चालायचं. आकडा वाढला की सून दोन घास जेवायची. कमी झाला की मुलगा गाडीत जाऊन बसायचा. आणि एक दिवस वीसेक ग्रॅम एकदम वाढले, तर हा माझा मुलगा, चिपच्या कारखान्यातला इंजिनियर, कधी कुणाच्या लग्नात पाय न हलवणारा, तो तिथल्या कॉरिडॉरमध्ये नाचला. खरंच नाचला! गार्ड येऊन म्हणाला, साहेब, जरा हळू. तर त्या गार्डलाच मिठी मारली.

मी त्याच दिवशी अंबाबाईला बोलले, ही धडधाकट घरी येऊ दे, हिच्या भारंभार गूळ वाटीन. तुला ठाऊक आहे ना, एका पारड्यात लेकरू बसवायचं, दुसऱ्यात गूळ, आणि काटा सरळ होईपर्यंत गूळ घालत राहायचं. मग तो सगळा गूळ वाटून टाकायचा. पोरगी घरी आली. नवस मात्र राहिला. एका वर्षी व्हिसाच्या शिक्क्याचं लांबलं, एका वर्षी तिकिटं कॅन्सल केली, मग तो साथीचा रोग. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात. तोपर्यंत मीही सगळं आवरून इथेच राहायला आले.

सात वर्षांची झाली न झाली, तोच तिच्या अंगात फरक दिसायला लागला. आधी घामाचा वास बदलला. मग म्हणाली, छाती दुखते. सुनेने बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना कळायचं ते कळलं. वर्गाच्या फोटोत ती मागच्या रांगेत, टीचरच्या शेजारी, आणि तिच्या मैत्रिणी पुढे मांडी घालून. अंगानेही भरली. दुकानात कुणी विचारायचं, मिडल स्कूलला आहेस का? ती दुसरीत होती गं!

गणपतीत आपल्या मंडळींकडे जमलो, तर बायका काय म्हणाव्यात. "बाई गं, केवढी झाली ही! आता आईचेच ड्रेस घालेल." दुसरी म्हणाली, "आजीच्या हातचं चांगलंच मानवलंय." आणि तिसरीने तिच्या ताटातला मोदक गमतीने उचलून घेतला, "हा मी खाते हं, तुला नको." या बायकांना वाटतं, पोरं इंग्लिशमध्ये बोलतात म्हणजे त्यांना मराठी कळत नाही. सगळं कळतं. त्या दिवसापासून तिने जाड हूडी घातली ती काढेचना. चँडलरच्या सप्टेंबरात! बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो, आणि ही गळ्यापर्यंत चेन ओढून.

मुलगा घाबरला. घाबरला की तो वाचत सुटतो, लहानपणापासूनची सवय. कुणाच्या तरी मेसेजमध्ये आलं, इथल्या दुधात काहीतरी असतं, त्याने मुली लवकर मोठ्या होतात. झालं. दूध गेलं, दही गेलं, पनीर गेलं, अंडी गेली. बाथरूममध्ये एक काचेचा वजनकाटा आला. त्यावर ती उभी राहिली की आकडा आपोआप ह्याच्या फोनवर. रोज सकाळी टुंग करून वाजायचं. एकेकाळी ज्याच्या नावाने तो नाचला होता, त्याच आकड्याने आता त्याच्या कपाळाला आठ्या.

मग तिला स्पेशालिस्टकडे नेलं. मीही गेले, मला कोण थांबवणार? डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी नातीच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढायला लावला आणि पडद्यावर दाखवला. बोटांची हाडं, मनगटाची हाडं, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. म्हणाल्या, "तिचं वय साडेसात आहे, पण हाडांचं वय दहाच्या पुढे गेलंय. ह्या फटी दिसतात ना, इथून हाड वाढतं. त्या लवकर बुजल्या तर उंची तिथेच थांबेल. म्हणून दर तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊ. शरीराची घाई थोडी थांबवू."

मग त्यांनी विचारलं, "ही खाते काय?" मुलगा लगेच सरसावून म्हणाला, दूधदुभतं सगळं बंद केलंय. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या काय बोलल्या ते मी माझ्या शब्दांत सांगते, तू नीट ऐक. म्हणाल्या, हे दुधामुळे झालेलं नाही. बऱ्याच मुलींमध्ये कारण सापडतच नाही. वजनाचा थोडा हात असू शकतो, पण एकट्या तिच्याकडे बघून खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, आणि चूक तर कुणाचीच नाही. मात्र हाडांत भर पडायची हीच वर्षं आहेत. आत्ता जे भरेल त्यावर तिला म्हातारी होईपर्यंत चालायचंय. इंजेक्शन सुरू असताना ही भर थोडी सावकाश पडते, पुढे भरून निघते, पण तेवढ्यात आपण तिला उपाशी ठेवून अडवायचं नाही. दूध, ऊन, आणि उड्या. "उड्या?" मी विचारलं. "हो आजी, उड्या. पळणं, दोरीवरून उड्या, काहीही. हाडाला दणका बसला की हाड घट्ट होतं. तिचं वजन उतरवायचं नाही, ते आहे तिथेच राहू दे आणि उंची वाढू दे. आणि तो बाथरूममधला काटा टाकून द्या."

रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी कमी! सांग, अॅरिझोनात राहून! तीनशेपासष्ट दिवस सूर्य डोक्यावर, आणि पोरगी हूडीत.

काटा त्याच संध्याकाळी मुलाने कचऱ्याच्या गाडीसाठी बाहेर ठेवला. दूध फ्रिजमध्ये परत आलं. पण इतकं सोपं असतं का गं? आता दूध आम्ही बंद केलेलं नव्हतं, आता ते तिनेच बंद केलं होतं. इंजेक्शनची सुई मांडीत जायची तेव्हा ही रडायची नाही, शहाण्यासारखी माझा हात धरून भिंतीवरची चित्रं बघायची. आणि घरी दुधाचा पेला समोर ठेवला की डोळे भरायचे. "आजी, नो. आय एम ऑलरेडी टू बिग." डब्यातली पोळी तशीच परत. दोरी आणली, ती गॅरेजमध्ये खिळ्याला लटकलेली. उड्या मारल्या की अंग हलतं, म्हणून तिला मारायच्या नव्हत्या. मी कशाला सांगत बसू, तू बाईच आहेस, तुला कळतं.

मला रात्रंदिवस एकच घोर. उंचीचं जे व्हायचं ते होवो, पण हे हाडांत भरायचे दिवस पोरगी उपाशी घालवतेय.

डिसेंबरात मी सुनेला सहज म्हणाले, फेब्रुवारीत तिला नववं लागतंय, तो गुळाचा नवस इथेच फेडून टाकू या का? सून माझी गुणाची आहे, पण त्या दिवशी ताडकन म्हणाली, "आई, तिला चारचौघांत पारड्यात बसवायचं? आत्ता? तुम्हाला तरी काय सुचतंय!" बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, बरं बाई, नको. देवी काही दाराशी येऊन उभी राहणार नाही. विषय तिथे संपला असं आम्हाला वाटलं.

पण पोरगी जिन्यावर बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, मी किचनमध्ये गूळ चिरत होते, तर शेजारी उभी राहून म्हणाली, "आजी, व्हॉट इज पारडं? अँड व्हाय इज मॉम मॅड?"

मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. काचेची पेटी, पांढरी पाटी, रोजचे ग्रॅम. "तू इतकी हलकी होतीस की आम्ही सगळे तुझ्या वजनासाठी देवाजवळ बसलो होतो. तुझं वजन आम्ही मागून घेतलंय." तिने गुळाचा तुकडा हातात उचलून घेतला. मग म्हणाली, "डॅड डान्स्ड? माय डॅड?"

रात्री जेवताना तिने थेट त्याला विचारलं, "बाबा, तू खरंच नाचलास?" इतर वेळी डॅड म्हणते, त्या दिवशी बाबा म्हणाली. हा आधी लाजला. मी म्हटलं, "दाखव की तिला." आणि उठला गं तो! टेबलाशेजारी, मोज्यांवर घसरत, हात वर करून. सून हसून हसून पाणी पिता पिता ठसकली. पोरगी हसली नाही. टक लावून बघत होती. मग म्हणाली, "बिकॉज आय गेन्ड?" तो म्हणाला, "वीस ग्रॅम." आणि खाली बसून त्याने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. त्या महिन्यांत बाथरूममधल्या काट्याचं त्याच्या मनाला किती लागलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

दोन-तीन दिवसांनी ती माझ्या खोलीत आली. "आजी, त्या पारड्यावर नंबर येतो?"

"नाही गं. तिथे कसला नंबर? इकडे तू, तिकडे गूळ. दोन्ही सारखे झाले की काटा सरळ. कुणालाच आकडा कळत नाही."

 मग म्हणाली, "ओके, पण गूळ नको. नोबडी हिअर ईट्स दॅट मच गूळ. दूध. शाळेजवळच्या फूड बँकला देऊ." आणि बघ हं, माझ्या नातीने स्वतः फोन लावून गरजूंना फुकट अन्न वाटणाऱ्या त्या फूड बँकवाल्यांना विचारलं, तुम्ही दूध घेता का. ते म्हणाले, घेतो, कमीच पडतं नेहमी. पुढे म्हणाली, "आणि त्या काकूंना पण बोलव. मोदकवाल्या."

 नवस माझा होता, पण आता तो तिने घेतला होता.

मुलाने बॅकयार्डातल्या झोपाळ्याची फ्रेम रिकामी केली. हार्डवेअरच्या दुकानातून जाड फळी आणली, मधोमध भोक पाडून साखळी ओवली, आणि दोन्ही टोकांना झोपाळ्याच्या दोन पाट्या टांगल्या. इंजिनियर असून तीनदा चुकला, फळी एका बाजूलाच कलायची. मी खुर्चीत बसून सांगत होते, "मधली साखळी जरा वर घे, अण्णांची अशी नव्हती." तो म्हणे, "आई, तुझ्या अण्णांना लेव्हल लागत नव्हती का?" म्हटलं, "त्यांचे डोळेच लेव्हल होते."

फेब्रुवारीतली सकाळ इथे छान गार असते. शेजारचे म्हातारे अमेरिकन आजोबा कुंपणावरून डोकावून बघायला आले. काकू आल्या, नटूनथटून. दुधाचे गॅलनचे डबे बर्फाच्या पेट्यांत रांगेने. आणि माझी नात आली ती हूडी न घालता. पिवळा परकर-पोलका, सुनेने शिवून घेतलेला, आणि केसांत गजऱ्याऐवजी अंगणातली बोगनवेल. मी कुंकू लावलं आणि ती पारड्यात बसली. तिची बाजू टेकली जमिनीला.

मग डबे चढायला लागले. आईने ठेवले, बाबाने ठेवले, काकूंनी एकेक ठेवला. फळी थोडी हलली. आणखी ठेवले. पेटी रिकामी झाली, दुसरी रिकामी झाली, आणि फळी अजून तिच्याच बाजूला कललेली. दूध संपलं!

झालं काय होतं, घरात काटाच नव्हता ना. मुलाने मागच्या वर्षीच्या आठवणीवर अंदाज बांधला, आणि पोरगी मधल्या काळात वाढलेली.  मोदकवाल्या काकूंच्या तोंडून निघूनच गेलं, "अगं बाई, कमी पडलं की!" आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला.  सून पुढे सरकली, तिला उतरवायला. मला वाटलं, आता ही उठणार, आत पळणार, हूडी घालणार, आणि पुन्हा पेल्याकडे बघणार नाही.

पोरीने सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग साखळ्या घट्ट धरल्या आणि म्हणाली, "सो गेट मोअर! मी उतरणार नाही."

अगं, काय धावपळ उडाली! मुलगा आत जाऊन आमच्या फ्रिजमधला डबा घेऊन आला. शेजारचे आजोबा लगबगीने घरी गेले आणि दोन्ही हातांत दोन डबे घेऊन आले, एक त्यांच्या सकाळच्या कॉफीतला अर्धा वापरलेला, तो मी हसून परत केला. आणि त्याच मोदकवाल्या काकू पैठणी सावरत गाडीत बसल्या आणि दुकानातून अर्ध्या गॅलनचे दोन डबे घेऊन आल्या. पारड्यात ठेवताना तिला म्हणाल्या, "घे गं बाई, माझ्याकडून. चुकलं माझं." ती म्हणाली, "इट्स ओके काकू. वन मोअर, प्लीज."

फळी सरळ झाली. तिचे पाय जमिनीवरून सुटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कनवटीचा गुळाचा खडा काढला आणि दुधाच्या डब्यांवर ठेवला, अण्णांसारखा. तर दुधाची बाजू खाली गेली आणि माझी नात वर, अशी वर! परकराचा घोळ उडाला, आणि ती मोठमोठ्याने हसली. आठ महिन्यांत तिचं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. "अगेन!" म्हणाली, उडी मारून उतरली, परत बसली, परत उडी. डॉक्टरीणबाईंचा दणका आपसूक मिळत होता बघ हाडांना.

फूड बँकेच्या दारात ते डबे तिने स्वतः उचलून नेले. दोन हातांत दोन. तिथली बाई म्हणाली, यू आर स्ट्रॉंग! ही म्हणाली, "आय नो." मी मागे उभी होते, मला काही वेगळं देवदर्शन लागलं नाही.

संध्याकाळी ती किचनमध्ये आली आणि म्हणाली, "आजी, एक डबा आपल्यासाठी ठेवलास ना?" पेला भरून घेतला. उभ्यानेच प्याली. वर दुधाची मिशी.

त्यानंतर सगळं एकदम सरळ झालं असं समजू नकोस. इंजेक्शन चालूच आहे. कधी पोळी परत येते, कधी आरशासमोर उभी राहून गप्प होते. पण दोरी खिळ्यावरून खाली आली. रोज शाळेतून आल्यावर अंगणात उड्या, उन्हात, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, आणि मी खुर्चीत बसून नाचणीची भाकरी थापल्यासारखे हात हलवत "अजून, अजून" करते. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी परत हाताचा एक्स-रे काढला. म्हणाल्या, हाडांनी घाई सोडलीय, उंची वाढतेय, डी पण भरलंय. मग नातीला म्हणाल्या, "काय केलंस?" ती म्हणाली, "माय आजी इज फ्रॉम अ फॅमिली दॅट वेज थिंग्ज." मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! गूळबाजारातल्या मापाड्याचं नाव त्या चकचकीत दवाखान्यात घेतलं गेलं.

तेव्हा ऐक माझं. आज संध्याकाळीच पेला भर. उद्या डॉक्टरची वेळ घे, आणि तुला जे जे विचारायचंय ते त्यांना विचार, फोनमधल्या लोकांना नाही. लेकीला रागावू नकोस, आणि स्वतःलाही नाही.

आणि ये गं लवकर. तिला घेऊन ये, चार दिवस राहा. झोपाळ्याची ती फ्रेम मी काढू दिलेली नाही, फळी अजून टांगलेली आहे. माझी नात म्हणते, धाकट्या बहिणीला पारड्यात मीच बसवणार. दुधाचं आम्ही बघतो, तू फक्त पोरीला आण. गुळाचा खडा मी ठेवलाय.